घोषणाबाई आणि समुद्रतळाचं तळं

इस्पितळात त्यांना सगळे घोषणाबाईच म्हणत. अकरा वर्षं त्या तपासणी विभागाच्या काचेमागे माइकसमोर बसत आल्या होत्या. दिवसातून दीडशे वेळा म्हणायच्या, "टोकन नंबर अमुक, या, आत या, बसा." नुसतं पुकारणं नव्हे हो! घाबरलेल्या माणसाचं निम्मं दुखणं त्या आवाजानंच हलकं व्हायचं. बाईंना ते पुरतं ठाऊक होतं आणि त्याचा थोडा तोराही होता. असेना का! अकरा वर्षं बसून दाखवा, मग बोला.

तर नेमकी त्याच आवाजाला दृष्ट लागली.

सहा वर्षांपूर्वी तपासणीला आलेल्या एका माहितीपटवाल्यानं बाईंचा आवाज ऐकला आणि समुद्रावरच्या त्याच्या फिल्मला आवाज द्यायला त्यांना बोलावलं. फिल्ममध्ये समुद्राच्या तळाशी एक तळं होतं. पाण्याखाली पाणी! पण इतकं खारट आणि जड, की आत शिरलेला खेकडा काय नि मासा काय, जागीच खलास. वर मिठात मुरून वर्षानुवर्षं तसाच पडून राहणार. पडद्यावर एक खेकडा काठाशी घुटमळत होता. रेकॉर्डिंग थांबलंय अशा समजुतीनं बाई सवयीप्रमाणे त्याला म्हणाल्या, "या, आत या, बसा. घाई कसली? परत कुठं जायचंय?" रेकॉर्डिंगवाल्याला हसू फुटलं आणि त्या पठ्ठ्यानं ते वाक्य तसंच ठेवलं. त्या फिल्मला पुढं कुत्र्यानंही विचारलं नाही.

आणि गेल्या महिन्यात कुणा रिकामटेकड्याला ते वाक्य सापडलं. सकाळी चहा घेताना लेकीनं फोन पुढं केला. "आई, हा तुझाच आवाज ना गं?" चित्र होतं सोमवारच्या कचेरीच्या दाराचं, आवाज बाईंचा: या, आत या, बसा. पुढचं चित्र परीक्षेच्या हॉलचं. त्याच्या पुढचं कुणाच्या तरी सासरचं. खाली लाखभर लोकांनी लिहिलेलं, 'मलाही तळ्यात सोडा', 'तळ्यात एक जागा धरून ठेवा रे'.

"अगं, पण तिथं जीव जातो!" बाई म्हणाल्या.

"म्हणून तर गंमत आहे ना, आई. कंटाळलेत सगळे. कोणी खरंच जातंय थोडंच?"

"डोंबलाची गंमत!" म्हणत बाई उठल्या. मागे गॅसवरचं दूध उतू गेलं, तेही त्यांना दिसलं नाही.

इस्पितळात तर कहरच झाला. बाईंनी नंबर पुकारला की हॉलभर खसखस पिकायची. त्यांनी आवाजाची पट्टी बदलून पाहिली, 'कृपया प्रवेश करावा' असंही म्हणून पाहिलं. लोक जास्तच हसले. एक वयस्क बाई तर तपासणी न करताच घरी निघून गेल्या. या आवाजानं बोलावल्यावर आत जायचं नाही, असं म्हणाल्या. त्या दिवशी घोषणाबाईंना डबा गेला नाही. साहेबांनी बोलावून सांगितलं, "बाई, तुमचा दोष नाही, पण आता एक जरी तक्रार आली, तरी मी पुकारायचं मशीन बसवणार."

तेव्हापासून बाईंच्या जिवाला थारा नव्हता. टेबलाखाली पाय सारखा हलायचा. माइक गेला तर मी कोण, हा एकच भुंगा डोक्यात.

गुरुवारी त्यांनी एकोणचाळीस नंबर पुकारला. एक दांडगा ट्रकवाला उठला, दाराशी आला आणि हसायला लागला. त्याचं बघून हॉलही हसला. त्याचं हसू मात्र थांबेचना. चौकट घट्ट धरून तो हसत होता, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. बाईंना काचेतून ते दिसलं. दुसरं कोणी येऊन बसेपर्यंत माइक सोडायचा नाही, असा नियम होता. बाई उठल्या.

"काय झालं, दादा?"

"ताई, तुम्हीच ना त्या? गाडीत रोज लावतो आम्ही तुम्हाला. लई हसतो." त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "आज खरंच आत जायचंय, तर पाय उचलेना."

"सोबत कोण आलंय?"

"कोण नाही. छातीत डाग दिसलाय, घरी सांगितलंच नाही."

"चला, मी येते," बाई म्हणाल्या.

त्याची तपासणी होईपर्यंत त्या आतल्या दाराशी उभ्या राहिल्या. चांगली पंचवीस मिनिटं. बाहेर नंबर एकोणचाळीसवरच अडकलेला, हॉलमध्ये नुसता आरडाओरडा. तक्रारवहीत अकरा तक्रारी! साहेब लाल झाले होते.

"नियम माहीत होता ना तुम्हाला?"

"होता."

"मग उद्यापासून मशीन. तुम्ही यायची गरज नाही."

बाईंना चार खडे बोल सुनावायचे होते, पण रडू येईल या भीतीनं त्या लगेच वळल्या. पर्स उचलून बाहेर आल्या, तर ट्रकवाला फाटकाशी थांबलेला.

"ताई, उद्या साडेदहाला रिपोर्ट आहे. तुम्ही असाल ना?"

"असेन की," बाई बोलून गेल्या.

शुक्रवारी सकाळी त्या चपला घालायला लागल्या, तशी लेक चिडली. "आई, काढून टाकलंय त्यांनी तुला! आता तिथं तुझं काय काम?" बाईंनी पर्स खांद्याला लावली. त्या भराभर जिना उतरल्या.

हॉलमध्ये पेशंटच्या बाकावर बसायची ही त्यांची पहिलीच वेळ. काचेमागची खुर्ची रिकामी होती. तिकडं बघवेना, म्हणून त्या ट्रकवाल्याच्या हातातल्या चुरगळलेल्या टोकनाकडं बघत राहिल्या. त्यानं घरी बायकोला सांगितलं होतं. ती गावाहून निघाली होती, दुपारपर्यंत पोचणार होती.

"टोकन क्रमांक चार," मशीन म्हणालं.

दोघंही एकदमच उठली.