आधी नणंदेला कळलं

शौचातून रक्त जातं, हे ह्यांनी मला सांगितलं नाही. थोरल्या विधवा बहिणीला सांगितलं. पन्नास सालानंतरची ती वर्षं. वडशाला आमचं धानाचं दुकान होतं आणि नणंद आमच्याकडेच राहायची. मला कळलं तोवर नागपूरच्या डॉक्टरांनी गुदाशयाचा कॅन्सर सांगूनही झाला होता. गाठ मोठी, आजूबाजूला चिकटलेली. लगेच कापता येणार नव्हती. आधी काही आठवडे क्ष-किरणांचा शेक, गाठ आटली तर ऑपरेशन.

"सोबतीले मी जाईन," नणंद म्हणाली. "तुले लहान लेकरं आहेत."

ह्यांनी लगेच मान डोलावली. तेच मला जास्त लागलं.

तीन आठवड्यांनी लेकरं शेजारी ठेवून, नागभीडला गाडी बदलून मी नागपूर गाठलं. धर्मशाळेच्या ओसरीवर हे पालथे पडले होते. शेकाने काळ्या पडलेल्या कातडीवर नणंद पंख्याने वारा घालत होती. तिथे तेल लावायचं नाही, पाणी लागू द्यायचं नाही, तिला सगळं ठाऊक.

मी पंखा मागितला.

"राहू दे. तुले जमणार नाई."

नवरा दुखण्याने तळमळत होता आणि मला तिच्या हातातला पंखा सलत होता.

ती पाणी आणायला गेल्यावर मी विचारलं, "मले काऊन नाई सांगितलं?"

"लाज वाटली," हे भिंतीकडे पाहत म्हणाले. "तिनं मले लहानपणी धुतलं आहे. तुह्यासमोर मले नवरा राहाचं होतं."

ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्यांचं भय, त्यांचं रडणं, सगळं तिच्या वाट्याला गेलं होतं.

गाठ आटली. थोड्या विश्रांतीनंतर ऑपरेशन झालं. शौचाची वाट कायमची पोटावर काढली. घरी आल्यावर पहिल्याच सकाळी नणंद गरम पाणी घेऊन खोलीकडे निघाली, तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले.

"बाई, आता मी."

ह्यांनी डोळे मिटून घेतले. मी पोटावरची पट्टी सोडली, गरम पाण्याने पुसून घेतलं आणि नवी बांधली. बाहेर नणंद रडत होती, ते ऐकू येत होतं. मी तिला आत बोलावलं नाही.

त्यानंतर हे काही वर्षं जगले. पोटावरची पट्टी मी तिला एकदाही बदलू दिली नाही.