दत्ताच्या गालाचे रोप

सन दोन हजार चोवीस, महिना जानेवारी, दिवस कडक थंडीचे. येळवस, म्हणजे आमची वेळ अमावास्या, नुकतीच होऊन गेलेली. त्या आठवड्यात माझा पुतण्या दत्ता याला घेऊन मी लातूरहून नांदेडच्या एका रुग्णालयात गेले आणि पाडव्याच्या तोंडापर्यंत तिथलीच झाले. जिथे माणसांना वाट पाहण्यावाचून दुसरा उद्योग नसतो, तिथे किस्से साचतात. मूत्ररोगाच्या वॉर्डात तर अधिकच, कारण तिथे लाज पहिल्याच दिवशी दाराबाहेर चपलांशेजारी काढून ठेवावी लागते. मी माझी जरा उशिरा काढली, एवढेच!

दत्ता एसटीचा ड्रायव्हर. लातूर-देगलूर ही त्याची गाडी. ड्यूटीवर जाताना मोटारसायकल घसरली, ओटीपोटाखाली मार बसला आणि लघवीची आतली नळी फाटली. ती जुळवली, पण वण धरून वाट पुन्हा पुन्हा बुजत राहिली. दोन शस्त्रक्रिया वाया गेल्या. पोटातून काढलेली रबरी नळी, तिला लावलेली पिशवी, असा तो वर्षभर डेपोत खुर्चीवर बसून दुसऱ्यांच्या गाड्या सुटताना पाहत होता. मला म्हणाला, "काकू, जेवण नसलं तर चालंल, पण स्टेअरिंग पाहिजे."

* * *

आमच्या डॉक्टरबाई माझ्या नातीच्या वयाच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी खणखणीत आवाजात विचारले, "ऑपरेशननंतर लघवीची धार कशी होती?"

मी जुनी मॅट्रिक. आमच्या घरात हा शब्द बायकांनी पुरुषांदेखत कधी उच्चारला नाही. दत्ता बिचारा माझ्याकडे पाहू लागला. तेव्हा मी म्हणाले, "सांगते, पण आधी खोलीतल्या सर्व पुरुषांनी बाहेर जावे."

कंपाउंडर गेला. शिकाऊ डॉक्टर गेले. दत्ताही पिशवी सावरत उठला.

डॉक्टरबाई घाईघाईने म्हणाल्या, "आजी, पेशंट तरी राहू द्या की!"

* * *

उपचार त्यांनी शांतपणे समजावून सांगितला. गालाच्या आतल्या नाजूक अस्तराचा चिमूटभर तुकडा घ्यायचा, मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायचा. तिथे त्यातल्या पेशी काही आठवडे वाढवायच्या आणि परत आणून, बुजलेली वाट मोकळी करून तिथे सोडायच्या. त्या धरल्या, तर वाटेला नवे अस्तर येते. "धरतीलच, असे मी वचन देत नाही," असेही त्या म्हणाल्या. त्या एका वाक्यासाठी मी त्यांना मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले.

शेजारच्या खाटेवर मुखेडचे ज्ञानोबा होते. मिरचीची रोपे करून विकणारा माणूस. ते उठूनच बसले. "म्हंजे रोपवाटिकाच की ही! अन् खत कंचं टाकतेत?"

"दत्ताच्याच रक्तातला अंश," डॉक्टरबाई म्हणाल्या.

ज्ञानोबांनी समाधानाने मान हलवली. "मग लागतंय रोप. घरचं खत हाय!"

* * *

ज्ञानोबांचे दुखणेही दत्तासारखेच. त्यांनीही गाल पुढे केला. डॉक्टरबाईंनी बॅटरी मारून पाहिले आणि नकारार्थी मान हलवली. बारा महिने तेरा काळ तंबाखूचा बार भरलेला तो गाल. त्यातले अस्तर पेरणीच्या लायकीचे उरले नव्हते. त्यांच्यासाठी दुसरा इलाज पाहावा लागणार होता. दत्ताचा गाल मात्र पहिल्या झटक्यात पसंत पडला. तरुणपणी तो घरात शिरला की मी दारातच त्याच्या तोंडाचा वास घेत असे, आणि तो माझ्यावर चिडत असे. त्या दिवशी पहिल्यांदाच तो म्हणाला, "काकू, बरं झालं!"

ज्ञानोबा माझ्याकडे वळले. "अवं बाई, गालाची बी मॅट्रिक असती व्हय?"

"असते," मी म्हणाले. "आणि तुम्ही नापास आहात."

त्या संध्याकाळी वॉर्डातल्या सगळ्या बायका मोबाइलच्या उजेडात आपापल्या नवऱ्यांचे गाल तपासत होत्या!

* * *

उघडी पिशवी मला पाहवेना. म्हणून ओटीत आलेल्या खणांमधून मी दत्ताच्या पिशवीला खोळ शिवली. नीट अस्तर लावून, नाडी ओवून. दुसऱ्या दिवशी ज्ञानोबा म्हणाले, "आमालाबी एक." मग वॉर्डभर मागणी आली. देगलूरच्या एका म्हाताऱ्यांनी तर फेट्याला जुळणारा रंग सांगितला आणि तो मिळेपर्यंत पिशवी पांघरुणाखालून बाहेर काढली नाही.

पुढे सिस्टरसुद्धा माणसांना खोळीवरूनच ओळखू लागल्या. "हिरव्या काठाचे कुठे गेले? इंजेक्शन राहिलंय!"

* * *

गालाचा तुकडा शहराला गेला आणि आम्ही चार दिवसांपुरते लातूरला आलो. माझी जाऊ सुमन, म्हणजे दत्ताची आई, अत्यंत साधी बाई. पंक्तीत मी पाहते तो एक ताट जास्तीचे. वरण-भात, तूप, तिखटाचा पदार्थ एकही नाही.

"हे कोणाचे?"

"त्या गालाचं."

मी तिला समजावले, की तो केवळ पेशींचा समूह आहे आणि त्याच्या आहाराची तिकडे शास्त्रोक्त व्यवस्था आहे. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "अक्का, आपल्याच लेकराच्या अंगाचं हाय न्हवं? परगावी गेलंय. त्याच्या वाट्याचं पान नको का वाढायला?"

आमच्याकडे परगावी गेलेल्याचे पान वाढतात आणि मग गाईला घालतात, हे खरे.

दुसऱ्या दिवशी त्या ताटात मीठ वाढायचे राहिले होते. ते मी वाढले.

* * *

दत्ताचे कंडक्टर सय्यदभाई. दर रविवारी नांदेडला येत. आले की सलाइनच्या लोखंडी दांड्यावर नाणे एकदा वाजवत, टण्! "एक घंटी. स्टॉप आलं!" मी त्यांना पहिल्याच रविवारी खडसावले, "हे रुग्णालय आहे, एसटी नव्हे."

"माफ करा काकू. पण याला सवय हाय. डबल घंटी दिल्याबिगर याचा पाय ॲक्सिलेटरवर जातच न्हाई."

"मग आज जाताना डबल देणार का?" दत्ताने विचारले.

सय्यदभाईंनी नाणे खिशात टाकले. "आज न्हाई. गाडी निघंल त्या दिवशी देतो."

* * *

मार्चच्या आरंभी पेशी परत आल्या, थंड पेटीतून. पेटी घेऊन माणूस दारात पोचला आणि पाहतो तो लिफ्टपुढे भेटायला आलेल्यांची ही गर्दी! त्याचा चेहरा उतरला. इतक्यात सय्यदभाईंचा आवाज घुमला, "चला, पुढं सरका, पुढं सरका! मागं सगळी जागा रिकामी हाय!"

मराठवाड्यातला माणूस त्या हुकमापुढे विचार करत नाही. सबंध गर्दी निमूटपणे जिन्याकडे सरकली!

वर थिएटरच्या दाराशी सुमन भाकरीचा तुकडा घेऊन उभी. "लेकरू परगावाहून आलंय, ओवाळून टाकते." मला वाटले, आता डॉक्टरबाई चिडणार.

त्या म्हणाल्या, "ओवाळा मावशी, पण चालता चालता!"

आणि सुमन पेटीसमोर भाकरी ओवाळत, उलट्या पावलांनी, जिच्यापुढे नातेवाइकांना मनाई, त्या लाल पट्टीपर्यंत थेट गेली.

* * *

पाडव्याचा आदला दिवस. पेशी सोडल्यावर लघवीच्या वाटेत ठेवलेली रबरी नळी काढली होती. पोटातल्या नळीला चिमटा लावून ती बंद केली होती. दत्ताला धार मोजायच्या यंत्राच्या खोलीत पाठवून डॉक्टरबाईंनी दार ओढून घेतले. आज वाट मोकळी निघाली तर स्टेअरिंग, नाहीतर पुन्हा पिशवी आणि खुर्ची.

बाहेर आम्ही सगळे. सुमन, सय्यदभाई, तपासणीला आलेले ज्ञानोबा, आणि आपापल्या खोळी हातात धरून सारा वॉर्ड. कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घेईना.

आतून काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही.

मग दत्ताचा रडवेला आवाज आला, "काकू, सगळे कान लावून हायत. व्हावं कसं?"

तीन महिने मी त्या वॉर्डात शांतता राखली होती. मी मागे वळले आणि म्हणाले, "बोला. सगळे जण मोठ्याने बोला! सय्यदभाई, तुमची गाडी पुकारा!"

सय्यदभाईंनी छाती भरून हाक दिली, "चला नळेगाव, उदगीर, देगलूर! नळेगाव, उदगीर, देगलूर! देगलूरवाले हायत का कोणी?"

"हाव!" फेटेवाले म्हातारे ओरडले.

एकच गलका झाला. त्या गलक्यात मी दाराला तोंड लावले आणि भर व्हरांड्यात, इतक्या पुरुषांदेखत, खणखणीत आवाजात विचारले, "दत्ता, लघवीची धार कशी आहे?"

गलका जागच्या जागी थांबला. आणि त्या शांततेत आतून तो आवाज आला. सलग, भरघोस, न अडखळता. थांबेचना!

सुमनने दाराकडे हात करून कानशिलांवर बोटे मोडली. ज्ञानोबांनी टोपी काढली. सय्यदभाईंनी खिशातून नाणे काढले, हात वर नेला. पण नाणे धरलेला तो हात डोळे पुसायलाच वळला. त्यांच्याने वाजवेना.

मी माझ्या थैलीतून दत्ताच्या जेवणाचा स्टीलचा डबा काढला, चमचा घेतला.

टण्! टण्!