रावेरचा बांध आणि आम्ही खाल्लेल्या घोरपडी

स्वातंत्र्याला आठ वर्षं झाली होती. आमची इंजिनिअर कंपनी रावेरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी ट्रेनिंग कॅम्पवर होती. मी हवालदार. कॅम्पच्या पाण्यासाठी आदल्या वर्षी आम्हीच नाल्यावर मातीचा बांध घातला होता. बांध चांगला होता. तो फुटल्याचं खापर अहवालाने पावसावर आणि एका मेलेल्या माणसावर फोडलं. ते आठवलं की अजून माझा तिळपापड होतो.

पाचला पीटी, सातला फॉल-इन. रविवारी सुट्टी, आणि सुट्टीत घोरपडी. घोरपडीच्या मटणाने कंबर घट्ट होते, हे जवानांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. माझ्याही. बांधाच्या आसपास त्या भरपूर होत्या. मार्चपर्यंत औषधालाही एक उरली नाही.

लान्स नायक सुकदेव शिंदखेड्याकडचा. त्याचे वडील पांझरेवर पाटकरी, म्हणजे गावाच्या शेतांना पाटाचं पाणी वाटणारे. पोरगा बांधावरच वाढलेला. एकदा माझ्या ताटात बघून म्हणाला, "हवालदारसाब, घोरपडी बठ्ठ्या तुम्हीच खाई टाक्यात. आते खेकडास्ले कोन खाई?"

सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो.

खेकडे वाढले. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, तसे तेही ओल शोधत बांधाच्या पोटात उतरले. बिळात कोपरापर्यंत हात जाई. जूनमध्ये मी लेखी रिपोर्ट दिला. त्यावर शेरा आला, "खेकडे हा लष्करी विषय नाही." नंतर पाऊस लागला आणि पाणी त्या बिळांपर्यंत चढलं.

ऑगस्टमधली गोष्ट. दुसऱ्या दिवशी जनरलसाहेबांचं इन्स्पेक्शन, त्यामुळे सगळी कंपनी दगडांना चुना फासत होती. बांधावरच्या पोस्टवर सुकदेव एकटा होता. फील्ड टेलिफोन माझ्याकडे.

१५१० वाजता पहिला फोन. "साब, बांध मागून पाझरतोय."

"पाणी कसं आहे?"

"स्वच्छ."

स्वच्छ पाझराची भीती नसते. गढूळ झालं की समजायचं, आतली माती निघाली.

१५३५ वाजता दुसरा. "गढूळ, साब."

मी धावत मेजरसाहेबांकडे गेलो. वाळूच्या गोण्या आणि ट्रक मागितला.

"पावसाळ्यात बांध पाझरतोच, हवालदार. आधी चुना संपवा."

"सर, पाणी गढूळ आहे."

"दॅट्स ऑल."

परत आलो तो तिसरा फोन वाजतच होता. १५५० झाले होते. सुकदेव आता आपल्या बोलीवर आला होता. "साब, खाले नालामा बाया शेतस. कपडा धुई ऱ्हायन्यात. मी जाऊ का?"

"जा," मी म्हणालो.

रिसीव्हर खाली आदळल्याचा आवाज आला. मी कुणाला न विचारता चार जवान घेऊन धावलो. आम्ही पोचेपर्यंत बांधाचा मधला भाग गेला होता. बाया वर काठावर उभ्या होत्या, ओल्या, थरथरत. सगळ्या वाचल्या होत्या. त्यांच्यातली एक म्हातारी अक्का मागे राहिली, तिला वर ढकलून देताना सुकदेव गेला. संध्याकाळी केळीच्या बागेत सापडला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी सगळं सांगितलं. घोरपडी, खेकडे, तिन्ही फोन. निष्कर्ष आला: अतिवृष्टी. आणि खाली एक ओळ, सेंट्रीने आदेशाशिवाय पोस्ट सोडली. आदेश मी दिला होता, असं दोनदा म्हणालो. "लेखी नोंद आहे?" मला विचारलं. नव्हती.

त्याचं सामान घेऊन मीच शिंदखेड्याला गेलो. अहवालातली ओळही त्याच्या वडिलांना सांगितली. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा ते बरं. आबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "पानी गढूळ व्हतं का?"

"हो, आबा."

"मंग त्याले कळनंच व्हई."

काय कळलं असेल, ते मलाही कळत होतं. बांधाला आता काही मिनिटंच आहेत, हे ठाऊक असूनच तो खाली उतरला होता.

त्यानंतर मी घोरपड खाल्ली नाही. त्याने काही भरून निघत नाही. पण कागदावर एक गोष्ट चुकीची आहे, ती इथे दुरुस्त करतो. लान्स नायक सुकदेवने पोस्ट सोडली नाही. त्याने विचारलं होतं, आणि मी जा म्हणालो होतो.