रेडिओला हार

आमच्या कॉलेजच्या सभागृहात काचेच्या कपाटात एक जुना रेडिओ आहे. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला गेलो, तर त्याला झेंडूचा हार घातलेला, बटणांवर हळदकुंकू. मला हसूसुद्धा आलं नाही, किळस आली.

रेडिओ नवलाईचा होता त्या काळात कॉलेजनं फुटबॉलची अंतिम मॅच जिंकली, आणि प्राचार्यांनी हा रेडिओ खिडकीत ठेवून ती गावाला ऐकवली, एवढीच त्याची पुण्याई. गोल काही त्यानं अडवले नव्हते. पण खिडकीखाली उभं राहून टाळ्या पिटणाऱ्यांना पुढे पुढे वाटायला लागलं, की मॅच आपणच मारली. आपल्याकडे असंच. चिखलात लोळणाऱ्याला कुणी विचारत नाही. बोलणाऱ्या खोक्याच्या मात्र पाया पडतात. खोक्याला घामाचा वास येत नाही ना!

त्या संघाचे गोलकीपर माझ्या शेजारीच बसले होते. ऐंशीच्या पुढचे, दोन बोटं वाकडी, त्याच मॅचमध्ये मोडलेली. स्टेजवर मॅच ‘प्रत्यक्ष ऐकलेल्या’ ज्येष्ठांना शाली वाटणं चाललं होतं. एक उत्साही प्राध्यापक शाल घेऊन खाली आले.

"आजोबा, तुम्हीही ऐकली होती ना मॅच?"

"नाही हो. मी तेव्हा गोलात उभा होतो."

"अरेरे!" प्राध्यापक मनापासून हळहळले. "म्हणजे तुमची हुकलीच की!"

आणि शाल घेऊन पुढच्या रांगेकडे वळले.