अक्काचे दोन पेले

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉफी गाळत होते. झोपेतच गेली म्हणाले. त्याला दीड महिना झाला. अक्का माझी थोरली नणंद, इथल्याच, कुंभकोणमच्या एका दवाखान्यात जन्मभर नर्स. तिचं बाकीचं चांगलं सगळेच सांगतील. हे कुणी सांगणार नाही, म्हणून मी लिहिते.

लग्नाला चार वर्षं झाली असतील. मला खाज, जळजळ, शिवाय अंगावरून हिरवट, वास येणारं पाणी जायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, उष्णता. सब्जा झाला, ताक झालं... शेवटी अक्काने ओढून दवाखान्यात नेलं. तपासणी झाली. डोळ्यांना न दिसणारा परजीवी आहे, संबंधातून एकाचा दुसऱ्याला जातो, गोळ्यांनी पार बरा होतो, असं तिने समजावलं. दोघांनी एकदमच गोळ्या घ्यायच्या आणि आठवडाभर वेगळं निजायचं. दोन पुड्या हातात दिल्या.

ह्यांनी आपली पुडी माझ्याकडेच सरकवली. मला काय झालंय, तूच घे, दुप्पट गुण येईल म्हणाले. नवऱ्याच्या उष्ट्या पानावर जेवणारी मी, त्याच्या गोळ्याही गिळल्या! तोंड कडू झालं, आणि महिन्याभरात दुखणं परत.

मग घरात कुजबुज, हिने आणलं कुठून? मला पापनाशमला माहेरी धाडायचं जवळजवळ ठरलं. अक्का आली तेव्हा वाटलं, भावाचीच बाजू घेणार. मी रडत पुड्यांचं सांगितलं.

"सरसू, त्याला ताप आला तर गोळी तू खातेस का गं?"

डॉक्टरांना विचारून तिने पुन्हा पुड्या आणल्या, फळीवरचे दोन पितळी पेले पाण्याने भरले आणि भावाला समोर बसवलं. हे म्हणाले, आधी कुणी आणलं ते सांग.

"रघू, हे अंगात कितीतरी दिवस गुपचूप बसतं, पुरुषाला तर बहुधा कळतच नाही. कुणापासून कुणाला, ते कुठल्या तपासणीत दिसत नाही. पंचायत पुरे. पेला उचल."

सासूबाई दारात उभ्या. ह्यांनी तोंड वाकडं करून गोळ्या गिळल्या, मग मी. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, काही नव्हतं. माहेरचा विषय कुणी परत काढला नाही.

परवा शेजारची नवी सून मागच्या दाराने आली. पदरात दोन पुड्या. नवरा घेत नाही म्हणाली, अक्का असत्या तर...

मी फळीवरून दोन्ही पेले काढले, पदराने पुसले आणि म्हटलं, चल, मी येते.