नावापुढचा एल

"कोन?" साहेब म्हणाले. "त्रिकोणातला की काटकोनातला?"

सगळे हसले. मुंबईहून आलेले सल्लागार हसले. हिशेब विभागाचे दोघे हसले. चहा ठेवायला आलेला माणूससुद्धा गालातल्या गालात हसला. मी प्रोजेक्टरच्या पडद्याजवळ उभी होते. मी एवढंच म्हटलं होतं, "मानूस कोन आहे, हे एकाच ठिकाणी ठरलं पाहिजे."

साहेब थांबले नाहीत. "म्हण बघू. कोण. जीभ मागे वळव. टाळूला लाव. ण."

मी म्हटलं. पगार घेणारी, डिप्लोमा झालेली बाई, भर मीटिंगमध्ये शाळेतल्या पोरीसारखी म्हणाली, "कोण." एका सल्लागाराने टाळी वाजवली.

"शाब्बास," साहेब म्हणाले. "आता पुढे बोल."

आम्ही विरारजवळच्या चांदीपच्या बाजूच्या पाड्यावरचे. मल्हार कोळी जमातीचे. आमच्या घरात ण नाही. पानी, लोनी, आनि. माझ्या आईने अख्खा जन्म ण शिवाय काढला, तिचं कधी काही अडलं नाही. अडलं ते ह्यांचं. लिहिताना मी ण लिहिते, छापायचे नियम आहेत म्हणून. बोलताना अजूनही बोलत नाही.

कंपनी आमच्या गावाजवळच. ऐट केवढी, आणि बनवायची काय, तर औषधाच्या बाटल्यांची झाकणं. जिथे पॅकिंगची शेड आहे तिथे आमचं आणि शेजारच्या घरांचं भात पिकायचं. जमीन घेताना कंपनीने घरटी एक नोकरी कबूल केली. बाबांचं वय झालं होतं. माझा कॉम्प्युटरचा डिप्लोमा नुकताच झाला होता. नोकरी मला मिळाली. साहेब ह्याला उपकार म्हणायचे. ह्यात उपकार कुठून आला, हे मला त्यांनी कधी समजावलं नाही. शेत घेतलं, नोकरी दिली. बाजारात ह्याला सौदा म्हणतात, आणि त्यात आम्हीच फसलो होतो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. विरारला चंदनसारकडे बिल्डिंगा उठत होत्या, आणि आमच्या कंपनीत घरोघरी टीव्ही यावा तसे कॉम्प्युटर आले होते. पगाराच्या कॉम्प्युटरवर माणसांची एक माहिती. ईमेलच्या कॉम्प्युटरवर दुसरी. गेटच्या कार्डांची तिसरी. एकच माणूस तीन ठिकाणी तीन तऱ्हेचा. लग्न होऊन बाईचं नाव बदललं की पगारात नवं, ईमेलमध्ये जुनं, आणि गेटवर कार्ड चालत नाही म्हणून ती उन्हात उभी. नोकरी सोडून गेलेल्याचं खातं मात्र चालूच.

हे तिन्ही जोडायचं काम माझं. पगारातली माहिती खरी धरायची आणि ती आपोआप बाकी दोन्हीकडे जाईल अशी जोडणी लावायची. माहिती कुठून वाचायची, कुठल्या खात्याने वाचायची, कोणाकोणाची घ्यायची, इकडचा कुठला रकाना तिकडच्या कुठल्या रकान्यात उतरवायचा. दिसायला रुक्ष काम. मला आवडायचं. बाई उन्हात उभी राहणार नव्हती, म्हणून आवडायचं.

पगाराच्या यंत्रणेत एक रकाना होता, त्यात काही माणसांपुढे फक्त एल लिहिलेलं. माझ्याही पुढे होतं. कामगार विभागात ॲग्नेस होती, भुईगावची. तिची घरची बोली वेगळीच. ऑफिसात मात्र ती पुस्तकातल्यासारखं बोलायची. घरची बोली गेटबाहेर ठेवून यायला ती शिकली होती, म्हणून तिला कोणी त्रिकोण विचारत नव्हतं.

"एल म्हणजे लँड गं," ती म्हणाली. "जमिनीच्या बदल्यात लागलेले. मुख्य ऑफिसला आकडे कळवायला लागतात, तेवढ्यापुरतं आहे."

तेवढ्यापुरतं होतं तोवर माझी हरकत नव्हती.

मग एकदा साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बसायला सांगितलं नाही. म्हणाले, "तो एलचा रकाना आहे ना, तो पण जोड. नावाच्या पुढे कंसात दिसू दे. ईमेलमध्ये, कार्डावर, सगळीकडे."

"कशाला, साहेब?"

"अगं, समोरच्याला कळायला नको, आपण कोणाशी बोलतोय? परीक्षा देऊन आलेला कोण, आणि तसाच आलेला कोण. ग्राहकाचा फोन भलत्याच माणसाकडे जायला नको." मग हसून म्हणाले, "तुला वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. तू त्यातल्या त्यात बरी आहेस."

त्यातल्या त्यात बरी. हे वाक्य त्यांनी बक्षीस दिल्यासारखं दिलं.

मी जागेवर आले. जोडणी चाचणीवर लावली. चाचणीत काही बदलत नाही, फक्त काय होईल ते पडद्यावर दिसतं. दिसलं. शेडमधली माणसं एकाखाली एक, प्रत्येकाच्या पुढे कंसात एल. लाडक्याकाका एल. त्यांचं शेत आमच्या बांधाला लागून होतं. मग मी. माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव, आणि एल. गुरांच्या कानात बिल्ला मारतात तसा. साहेबांच्या नावापुढे काही नाही. साहेबांना कंपनीत त्यांच्या सासऱ्याने चिकटवलं होतं, हे अख्ख्या ऑफिसला ठाऊक होतं. सासऱ्यासाठी रकाना नव्हता.

मला रडू आलं नाही. चीड आली, आणि चिडीच्या खाली काहीतरी शांत होत गेलं. मला समोर बसलेला माणूस पहिल्यांदा नीट दिसला. काचेच्या केबिनमध्ये बसलेला, दुसऱ्याचा ण मोजणारा एक क्षुद्र माणूस. ह्याला मी इतके दिवस घाबरत होते?

मी तो रकाना जोडणीतून काढून टाकला आणि केबिनमध्ये गेले.

"बाकी सगळं तयार आहे. एल मी जोडनार नाही."

"जोडणार," साहेब म्हणाले.

"जोडनार नाही. तुमच्या तऱ्हेनं म्हना की माज्या तऱ्हेनं. नाही."

ते लाल झाले. "तुला जोडायलाच ठेवलंय. तुझं मत विचारायला नाही. ह्या कंपनीने तुम्हाला माणसांत आणलं."

"आमी मानसांतच होतो, साहेब. तुमी नंतर आलात."

त्यांनी माझ्याकडून काम काढून घेतलं. टाळी वाजवणाऱ्या सल्लागाराने जेवणानंतर बसून तो रकाना जोडला. त्याने कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही. चांगल्या कॉलेजातून आला होता तो. तिथे हे शिकवत नसावेत.

सकाळी सगळ्यांची नावं बदललेली होती. आठवडाभरात नवी कार्डंही छापून आली. शेडच्या लोकांना ती गेटवर वाटली. लाडक्याकाका कार्ड हातात धरून माझ्याकडे आले.

"बाय, हा यल कसला? मना इंग्रजी कलत नाय."

मी सांगितलं. काही मऊ करून सांगितलं नाही. साहेब काय म्हणाले तेही जसंच्या तसं सांगितलं. काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "आमची जमीन घेतली त्याचा शिक्का आमच्यावर कशाला? ज्यानं घेतली त्याच्यावर मारा की."

इतकं सरळ वाक्य त्या ऑफिसात मी तोवर ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेडची माणसं गेटपर्यंत आली आणि आत गेली नाहीत. कार्डं गुरख्याच्या टेबलावर ठेवली आणि बाहेर झाडाखाली बसली. घोषणा नाही, झेंडा नाही. डबे उघडून जेवली. आत यंत्रं झाकणं ओकत होती, भरायला हात नव्हते. मी त्यांच्यासोबत बसले. ॲग्नेस खिडकीतून बघत होती. खाली आली नाही. मी तिला कधी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

मुख्य ऑफिसमधून फोन खडखडले. साहेबांची वळलेली जीभ सरळ झाली. जुनी कार्डं परत चालू केली. आणि मग मला निरोप आला की कँटीनमध्ये सगळ्यांना जमवलंय, तू दोन वाक्यं बोल.

"काय बोलू?" मी केबिनमध्ये जाऊन विचारलं.

"सांग, जोडणी लावताना तुझ्या हातून चूक झाली," साहेब म्हणाले. "तांत्रिक चूक. तू त्यांच्यातलीच आहेस, तुझ्यावर रागावणार नाहीत. विषय मिटेल. तुझी बढतीही बघू."

हा माणूस माझ्या डोळ्यांत बघून हे बोलला. लाज नावाची गोष्ट त्याला कोणी दाखवलीच नव्हती.

मी माइक हातात घेतला. समोर आमची माणसं, मागे खुर्च्यांवर साहेब मंडळी. मी म्हटलं, "मला सांगितलंय की चूक माजी होती असं बोल. चूक नव्हती. साहेबांनी एल लावायला सांगितला, मी नाही म्हटलं, मग त्यांनी दुसऱ्याकडून लावून घेतला. कोनी केलं ते तुमाला कळावं म्हनून सांगितलं. बस."

माइक खाली ठेवला. मागे कोणाचीतरी खुर्ची करकरली. ह्यावेळी कोणी हसलं नाही.

त्यानंतर मला गोदामात पाठवलं. तिथे कॉम्प्युटर नव्हता, खोकी होती. साहेबांना वाटलं, कंटाळून राजीनामा देईल. अधूनमधून ते येऊन विचारायचे, "कसं चाललंय?" मी म्हणायचे, "चाललंय." मी रोज वेळेवर यायचे, तेल लावून वेणी घालून, डबा घेऊन. कंटाळले ते. त्यांची बदली झाली. निरोपाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी गेले नाही. त्यांच्यासाठी दोन शब्द होते माझ्याकडे, पण ते हारतुऱ्यांच्या कार्यक्रमात बोलण्यासारखे नव्हते.

सल्लागारांचा करार संपला आणि मला परत त्या खुर्चीवर बसवलं. प्रेमाने नव्हे, दुसरं कोणी नव्हतं म्हणून. नवे साहेब आले. तरुण, हसरे, मला मॅडम म्हणणारे. पहिल्याच भेटीत म्हणाले, "मॅडम, नावासोबत प्रत्येकाचं गाव दाखवूया का? पाडा वगैरे. आपलेपणा वाटेल."

"नाही," मी म्हटलं.

"का?"

"तुमचं घर कुठल्या गल्लीत आहे, हे मी कंपनीला दाखवायला निघाले नाही, म्हनून."

ते हसले. गोड हसले. जुने साहेब निदान दात दाखवून चावायचे, हे ओठ मिटून चावणारे. मला दोघांतला फरक समजतो आणि दोघांची सारखीच घाण वाटते. असे आणखी येतील. कोणी आपलेपणा म्हणेल, कोणी शिस्त म्हणेल, कोणी वरून आदेश आलाय म्हणेल. माणसाच्या नावाला शेपूट लावायला जो येईल, त्याला माझ्याकडून नाही ऐकावं लागेल. मग त्याने मला गोदामात टाकावं, खोकी उचलायला लावावीत. राजीनामा मी लिहिणार नाही. मला काढायचं असेल तर त्याने स्वतःच्या नावाने काढावं, आणि का काढलं ते माइकवर येऊन सांगावं.