मोजणी संपल्यावरचा डबा

गावकावळ्यांची मोजणी ही निघून जाणाऱ्यांची मोजणी असते. इथे आखातात, खैरानकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, समुद्रापासून थोडी आत, कोनोकार्पसच्या झाडांची लांब रांग आहे. त्या भागातले कावळे रात्री तिथे मुक्कामाला येतात. पानांआड बसलेला कावळा दिसत नाही, म्हणून आम्ही पक्षीनिरीक्षक पहाटे ठरलेल्या जागी उभे राहतो आणि ते उडताना मोजतो. दर महिन्याला एकदा, तीच जागा, तीच पद्धत. मी सामील झाले त्याच्या कितीतरी आधीपासून हे चालू आहे. एका सकाळच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. अनेक वर्षांच्या आकड्यांशेजारी ठेवला की त्यातून काही कळू लागते.

हे पक्षी मूळचे इथले नाहीत. आपल्याकडच्या बंदरांतून जहाजांवर बसून ते आखातात पोचले आणि किनाऱ्यावरच्या इतर पक्ष्यांची अंडी पळवू लागले. ते वाढताहेत की घटताहेत, हा आमचा प्रश्न. त्यामुळे नियम सरळ आहे: त्यांना खायला घालायचे नाही.

गेल्या पितृपंधरवड्यात बाबांची तिथी नेमकी मोजणीच्या दिवशी आली. बाबांना जाऊन वर्ष झाले होते. हे त्यांचे पहिलेच पान. सबाह अल-सालेम वस्तीतल्या आमच्या बाल्कनीत कबुतरे येतात, साळुंक्या येतात. कावळा मी तिथे कधी पाहिलेला नाही.

“तू कावळे मोजतेस ना?” आदल्या संध्याकाळी उडीद वाटता वाटता आई म्हणाली. “मग त्यातला एक मला दाखव.”

“मोजायचे असतात, आई. जेवायला बोलवायचे नसतात.”

“एका घासाने तुझे विज्ञान लठ्ठ होणार नाही.”

मी अट घातली: आधी मोजणी, मग पान. पान दुपारी ठेवायचे असते हा तिचा नियम, पण तो तिनेच मोडला. “हे सकाळी सातला डबा घेऊन निघायचे,” ती म्हणाली. “दुपारपर्यंत ताटकळायची सवय कुठे होती त्यांना?” आणि तिने कपाटातून बाबांचा ऑफिसचा स्टीलचा डबा काढला. एका कप्प्यात वडे, दुसऱ्यात भात-वरण, तिसऱ्यात गवारीची भाजी, वरच्यात खीर. कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, केळीचे पान आणले.

मोजणीत माझे जोडीदार म्हणजे रत्नागिरीकडचे एक काका. त्यांचे बोटींच्या सुट्या भागांचे दुकान आहे. दुसऱ्या दिवशी अंधारातच झाडांपाशी पोचून आई गाडीतून उतरू लागली तसे ते म्हणाले, “ताई, डबा आतच राहू द्या. हजेरी झाल्याशिवाय इथे मधली सुट्टी होत नाही.”

मग पहाट झाली. कितीही वेळा पाहिली तरी ती मला नवी वाटते. आधी एकच आवाज येतो. त्याला रांगेच्या दुसऱ्या टोकाकडून उत्तर येते, मग मधली सगळी झाडे आतल्या आत कुरकुरू लागतात. आकाश अजून शिशाच्या रंगाचे असते. आणि कोणी इशारा केल्याचे दिसत नसताना पहिली तुकडी सुटते, तिच्यामागे दुसरी, मग झाडांचा काळा आकारच सैल होऊन वर उचलला जातो. मी दहा-दहाचे गट मोजत जाते. डोळे, बोट आणि हातातले मोजणीयंत्र एका तालात चालतात. बहुतेक कावळे वस्तीच्या दिशेने जातात. एक बारीक ओळ मात्र दर वेळी समुद्राकडे वळते. डोक्यावरून जाताना त्यांच्या पंखांची सळसळ ऐकू येते. एवढे जीव एकाच वेळी दिवस सुरू करतात, आणि ते कसे ठरते हे मला नेमके सांगता येत नाही.

आम्ही आकडे ताडून पाहिले. काका म्हणाले, “झालं, ताई. उघडा आता.”

आईने कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर पान मांडले. वाढले. हात जोडले. झाडे गप्प होती.

तेव्हा कुठे चूक माझ्या ध्यानात आली. शेवटचा कावळा निघून गेला की आमची मोजणी संपते. आईला मी कावळ्यांच्या मुक्कामी आणले होते आणि तिथे एकही कावळा उरला नसल्याची खात्री स्वतःच करून घेतली होती.

काकांनी झाडांकडे पाहिले, मग माझ्याकडे. “शास्त्रशुद्ध,” ते म्हणाले.

आईने भात परत कप्प्यात भरला, पान पुसून गुंडाळले. मग झाडांकडे पाहत हळू म्हणाली, “यांचे असेच. जरा उशीर झाला की निघून जायचे.”

उडण्याची दिशा आम्ही दर वेळी टिपतो, पण त्या दिशेने पुढे जाऊन पाहिलेले नव्हते. मी गाडी समुद्राकडे वळवली.

कच्चा रस्ता मासेमारीच्या छोट्या धक्क्याशी संपला. कावळे तिथेच होते: बोटींच्या कडांवर, जाळ्यांच्या ढिगांवर. आईने उलट्या पडलेल्या बोटीशेजारी पान ठेवले आणि आम्ही दूर सरलो. आई पदराचे टोक बोटाला गुंडाळत, उलगडत राहिली.

एक कावळा तिरक्या उड्या मारत आला. भाताकडे त्याने पाहिलेही नाही. वडा उचलून तो जाळ्याच्या ढिगावर गेला, अर्धा खाल्ला, उरलेला अर्धा जाळ्याच्या घडीत खोचला आणि त्यावर दोरीचा तुकडा ओढला. मान वाकडी करून पाहिले, आणि तुकडा आणखी थोडा सरकवला. मी हजारो कावळे मोजले होते, पण दुरून, ठिपक्यांसारखे. राखाडी मानेखालची ती निळसर झाक, ते हिशेबी डोके, आठवणीवर टाकलेला तो भरवसा मी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होते.

“अर्धा चारच्या चहाला,” आई म्हणाली.

बाबा डब्यातले काहीतरी रोज दुपारच्या चहासाठी राखून ठेवत. “आई, हे सगळेच कावळे करतात,” मी म्हणाले. “पुढच्या भुकेची सोय.”

“मग हे तरी रोज दुसरे काय करत होते?”

तोवर बाकीचे कावळे पानावर उतरले होते आणि भात दिसेनासा झाला होता. आईचे डोळे जाळ्याच्या ढिगावरच होते.

“हा मोजलास?”

“मोजला.”

“कशावरून?”

“निघालेला प्रत्येक मोजलाय, आई.”

तिने मान हलवली आणि रिकाम्या डब्याची कडी लावली.